महात्मा फुले जन आरोग्य योजना, पोरांच्या आईने वापरून बघितलेली: पाचपैकी तीन स्टार, दोन का कापले ते वाचा

आधी निकाल सांगते, मग रडगाणं. मुलाचं मोठं ऑपरेशन असेल, हॉस्पिटल यादीतलं असेल आणि कागद जुळत असतील तर या योजनेला पाच स्टार, डोळे झाकून. मुलाला नुसता ताप, जुलाब, दमा, कान फुटणं असलं काही झालं तर शून्य स्टार, कारण भरती न होता नुसतं डॉक्टरला दाखवणं यात बसतच नाही, आणि लहान मुलांना वर्षभर होतं ते नेमकं हेच. दोन्हीची सरासरी काढून आणि थोडी भीडभाड ठेवून तीन देतेय.

हे लिहायला बसले त्याचं कारण आमच्या वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप. कोणीतरी मेसेज टाकला की सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना जसं पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं कार्ड दिलंय तसं अठरा वर्षांखालच्या सगळ्या पोरांनापण द्या, श्रीमंत-गरीब न बघता, आणि मग जी काय जुंपली, पार रात्री उशिरापर्यंत टिंग टिंग चालू. बहुतेकांनी योजना वापरलेलीच नाही, पण मतं सगळ्यांना. मी वापरलीय, घरात दोनदा, म्हणून म्हटलं बाबांनो आधी वस्तू कशी आहे ते ऐका आणि मग ती वाढवायची का ते ठरवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यादीतल्या हॉस्पिटलात भरती होऊन ठरावीक उपचार मोफत, सरकारच्या पैशाने, अशी ही योजना. ती मुळात २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात कोकणातला रायगड होता, आपला सिंधुदुर्ग नव्हता. २०१३ च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात आली, २०१७ ला नाव बदलून महात्मा जोतिराव फुले झालं, केंद्राचं आयुष्मान भारत २०१८ ला आलं आणि २०२० पासून दोन्ही एकत्र चालवायला लागले. आधी मुख्यतः पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असणाऱ्यांना मिळायची, वर्षाला कुटुंबामागे दीड लाख. २०२३ च्या जुलैत सरकारने जीआर काढला की पांढऱ्या कार्डवाल्यांनापण द्यायची आणि मर्यादा पाच लाख करायची, प्रत्यक्षात ते चालू झालं १ जुलै २०२४ पासून. म्हणजे कागदावर बघाल तर आज महाराष्ट्रात जवळपास सगळेच आत आहेत. हे वाक्य मी मुद्दाम "कागदावर" म्हणून लिहिलंय, पुढे कळेल.

आता पाच स्टारचा भाग. माझ्या नणंदेची मुलगी, अंगणवाडीत जाणारी, वजन वाढत नव्हतं, खेळताना लवकर दमायची, आम्ही सगळे आपले म्हणत होतो की नाजूक आहे, आईवर गेलीय. अंगणवाडीत वर्षातनं दोनदा ती तपासणीची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, दोन डॉक्टर एक नर्स एक औषधवाला, त्यातल्या डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग दुसऱ्या डॉक्टरला ऐकायला लावलं. नणंद सांगते की त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. हृदयाला छिद्र निघालं. पुढे जिल्ह्याला इको झाली, मुंबईची चिठ्ठी मिळाली, तिथे योजनेतून ऑपरेशन झालं, बिल शून्य. खरंच शून्य, मी डिस्चार्जचे कागद स्वतः बघितलेत. आज ती पोरगी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढते आणि आम्ही ओरडतो.

ही गाडीवाली योजना २०१३ ला देशात पहिल्यांदा सुरू झाली ती आपल्या पालघरात, तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता, हे किती जणांना माहीत आहे? जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, जन्मतः असलेले दोष, कुपोषण, आजार, वाढीत मागे पडणं, सगळं. माझं स्पष्ट मत आहे की मुलांच्या बाबतीत विम्यापेक्षा ही गाडी जास्त कामाची आहे, कारण विमा तुम्हाला आजार कळल्यावर मदत करतो आणि ही गाडी आजार आहे हे सांगते. पण ग्रुपवर एकाने तिचं नाव काढलं नाही. फुकट मिळतं आणि दारात येतं त्याची किंमत नसते आपल्याकडे.

बिल शून्य म्हणजे खर्च शून्य असं मात्र समजू नका हां. मुंबईला जाणं-येणं, नणंदेच्या नवऱ्याची मजुरी बुडली, लालबागला चुलत सासऱ्यांच्या खोलीत एवढी माणसं किती दिवस राहणार, शेवटी शेवटी सगळे एकमेकांवर वैतागलेले. पेशंटला घरी जायचं भाडं पॅकेजात असतं म्हणतात, ते मागायला कोण बसणार त्या धांदलीत.

आता दोन स्टार कापले तो भाग, म्हणजे माझा स्वतःचा मुलगा. दुसरीत आहे, मे महिन्यात काजूच्या झाडावरनं पडला, कोपराच्या वरचं हाड मोडलं, हात असा विचित्र वळलेला की बघवत नव्हता. कणकवली गाठेपर्यंत तास-दीड तास गाडीत त्याचं ओरडणं, मी मागच्या सीटवर त्याचा हात उशीवर धरून, आणि रस्त्याला खड्डा आला की दोघेही ओरडतोय. ज्या हॉस्पिटलात गेलो ते योजनेच्या यादीत होतं (नाव लिहीत नाही, विचारू नका). डॉक्टर चांगले होते, म्हणाले तारा घालाव्या लागतील, योजनेत बसेल, आरोग्यमित्राकडे जा.

आरोग्यमित्र म्हणजे योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात एक टेबल असतं, त्यावर बसलेला मुलगा किंवा मुलगी, कॉम्प्युटर, वेबकॅम, स्कॅनर. हा माणूस कसा आहे त्यावर तुमचं नशीब ठरतं. आमचा बरा होता पण सिस्टीम त्याच्या हातात नव्हती. मुलाचं आधार कार्ड काढलेलं तो दीड वर्षाचा असताना, ते निळं बाल आधार, त्यावर गुबगुबीत टकलू बाळाचा फोटो. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे देऊन ते अपडेट करायचं असतं आणि आमच्याकडे आधारचं मशीन कधी बंद, कधी ऑपरेटर नाही, कधी नेट नाही. समोर दात पडलेला सात वर्षांचा पोरगा, हाताला फळी बांधलेली, आणि स्क्रीनवर ते बाळ. आरोग्यमित्र म्हणतो ताई, हा तोच कशावरून? बरोबरच आहे त्याचं, त्याला वर उत्तर द्यायचंय. पण त्याच वेळी माझ्या मुलाने विचारलं, आई मी तोच आहे ना, आणि मला हसू की रडू कळेना.

मग शाळेचा बोनाफाईड. मे महिना, शाळा बंद, गुरुजी गावी. नवऱ्याने गुरुजींना फोन लावला, त्यांनी बिचाऱ्यांनी चावी कोणाकडे आहे ते सांगून, शिक्का कपाटात कुठे आहे ते सांगून, शेवटी स्वतः एसटीने येऊन फोटो लावून सही करून दिली. असे गुरुजी सगळ्यांना मिळोत. एवढं झाल्यावर मंजुरी आली. तातडीच्या केसमध्ये हॉस्पिटलने फोनवरनं कळवून उपचार सुरू करायचे आणि कागद नंतर द्यायचे अशी सोय योजनेत आहे, ती आम्हाला कोणी सांगितली नाही, मला ती नंतर हेल्पलाइनच्या बाईंनी सांगितली.

आणि हेल्पलाइनला फोन का केला तर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक ब्रदर येऊन म्हणाला की तारांचे आणि बाकी सामानाचे पैसे वेगळे, बाहेरून आणून द्या, आणि हातात एक साधा कागद, त्यावर पेनाने आकडा, ना छापील नाव ना जीएसटी नंबर. पॅकेजमध्ये ऑपरेशन, औषधं, तपासण्या, सामान, पेशंटचं जेवण सगळं धरलेलं असतं हो, वेगळं काही द्यायचं नसतं. पण पोरगा आत कण्हतोय आणि तुम्ही नियम सांगणार? नवऱ्याने पैसे भरले. मी रात्री १५५३८८ ला फोन लावला, तक्रार नोंदवली, तो कागद फोटो काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवसापासून हवा बदलली, डिस्चार्जच्या आधी पैसे परत. कोणी सॉरी म्हटलं नाही, पाकीट दिलं फक्त. माझं म्हणणं एवढंच की ज्या बाईला फोन नंबर माहीत नाही, किंवा माहीत असून भीती वाटते की तक्रार केली तर पोराकडे नीट बघणार नाहीत, तिचे पैसे गेलेच. आणि ती भीती खोटी नाही, मलापण वाटली होती.

ऑपरेशन मात्र फर्स्ट क्लास. हात सरळ झालाय, बॉलिंग टाकतो. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं पॅकेजात होती, त्याच्या पुढचा एक्स-रे, हात वाकवण्याचा व्यायाम शिकवायला फिजिओ, ते सगळं खिशातनं.

आता त्या शून्य स्टारवर येते. योजना ही भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांची आहे, यादीत हजाराच्या वर उपचार आहेत, पण ओपीडी नाही. बंदरावर मासे विकायला बसणारी आमची एक काकी आहे, तिचं मत सगळ्या ग्रुपपेक्षा भारी: "पोराक ताप इलो की डाक्टर आधी तपासणीचे पैशे मागता, थंय तुमचा कार्ड चलता काय?" नाही चालत काकी. जुलै-ऑगस्टात इकडे घरटी एक पोरगं तापाने पडलेलं असतं, डेंग्यू का लेप्टो का नुसता सर्दीताप ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि रक्त बाहेर तपासायचं तर पैसे. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सगळ्या हॉस्पिटलांत केसपेपरपासून सगळं मोफत केलंय, ते खरंच झालंय, पण तिथे मुलांचा डॉक्टर असला पाहिजे ना. असतो तेव्हा असतो.

आणि कोकणात पोरांच्या जिवावर बेततं ते विंचू, फुरसं, मण्यार यांच्यामुळे, त्यात पाच लाख आहेत का दहा लाख आहेत याला काही अर्थ नसतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम बघा. लाल विंचू चावला की लहान मुलं हृदयावर-फुप्फुसावर ताण येऊन जायची, त्या माणसाने खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात बसून पेशंटच्या उशाशी रात्री काढून प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, जगभरच्या डॉक्टरांनी ते घेतलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. ती गोळी स्वस्त आहे. लागतं काय, तर चावल्यावर तासाभरात पोहोचता येईल एवढ्या अंतरावर जागा असलेला दवाखाना आणि त्यात जागा असलेला डॉक्टर. जागा म्हणजे खाट, आणि जागा म्हणजे न झोपलेला, दोन्ही. हे विम्याच्या कार्डाने येत नाही.

अंतराचं तर बोलायलाच नको. नवजात बाळ अडकलं किंवा मुलाला व्हेंटिलेटर लागला की देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसासमोर रस्ते दोन, खाली गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. गोव्याने २०१८ च्या जानेवारीपासून बाहेरच्या पेशंटना पैसे लावले तेव्हा सगळ्या सिंधुदुर्गात केवढी ओरड झाली, आणि आपण गोव्यावर चिडलो, चिडायला पाहिजे होतं कोणावर ते सांगायला नको. कोल्हापूरकडे जाणारा करूळ घाट कामासाठी वर्षभर बंद होता तेव्हा भुईबावड्याने वळसा मारत लोकांनी पेशंट नेलेत. आता सिंधुदुर्गातच ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय, रत्नागिरीत झालंय, बरं आहे, हळूहळू फरक पडेल म्हणतात.

तर हा माल असा आहे. आता तो सगळ्या पोरांपर्यंत वाढवायचा का, यावर लोक काय म्हणतात ते सांगते, कारण मला यातच जास्त मजा वाटली. "मुलांना द्या" याला विरोध करणारा एकही माणूस मला भेटला नाही, खरंच एकही नाही. भांडण पुढच्या प्रश्नावर होतं, म्हणजे कोणाच्या मुलांना आणि कोणाच्या पैशाने.

आमच्या शेजारची वहिनी सगळ्यात पुढे. तिचा हिशोब सरळ आहे: "माझ्या सासूक सत्तर झाली म्हणान पाच लाख गावले, नि माझ्या चेडवान काय पाप केल्यान?" (चेडू म्हणजे मुलगी.) म्हटलं तर चूक नाही तिचं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, फक्त आधारवरचं वय बघून वर्षाला पाच लाखांचं कार्ड मिळतं, आणि घर आधीच योजनेत असेल तर म्हाताऱ्यांचे पाच लाख वेगळे, घरच्यांच्या वाट्यातनं कापत नाहीत. मग मुलांना तसं वेगळं का नको? घरात आजोबांना डायलिसिस आणि नातवाचं ऑपरेशन एकाच वर्षी आलं तर आजोबांना सत्तर झालेली नसतील तोवर एकाच पाच लाखांत दोघांनी भागवायचं. तिची सासू शेजारी बसून हे सगळं ऐकत होती आणि मधेच म्हणाली, माझा कार्ड तिका द्या, माका काय करुचा आसा. वहिनी गप्प.

पांढरं कार्डवाले बागायतदार काका वेगळ्याच तालात. त्यांना कोणीतरी म्हटलं तुम्हाला कशाला फुकट पाहिजे, तुमची कलमं आहेत, तर तडकले: "पांढरा कार्ड आसा म्हणजे माझ्या कलमाक नोटो लागतत काय रे? एक वर्ष आंबो, दुसऱ्या वर्षी नुसतो तुडतुडो." शिवाय त्यांचा मुलगा पुण्यात आयटीत, त्याच्या इन्कम टॅक्सवर चार टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर कापतात, मग आरोग्य आमच्या नातवाला का नाही, हा त्यांचा सवाल. त्यांना मी सांगितलं की अहो तुम्ही २०२४ पासून आत आहात, पांढरं कार्ड चालतं. त्यांचा विश्वास बसेना. एका हॉस्पिटलात त्यांना त्यानंतरसुद्धा पांढरं चालत नाही म्हणून परत पाठवलेलं. आता बोला. पहिले "कागदावर" म्हटलं ते याच्यासाठी.

उलट बाजूने बोलणारे एक डॉक्टर आहेत, छोटं नर्सिंग होम चालवतात, मुलांचेच डॉक्टर. ते म्हणतात सरकारी पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे यायला महिने लागतात, बाळ काचेच्या पेटीत ठेवायचं तर नर्सचा पगार, वीज, ऑक्सिजन रोजचा रोज जातो, म्हणून आम्ही योजनेत नाही, उद्या तुम्ही सगळी मुलं आत घ्याल आणि हॉस्पिटलं बाहेर पडतील, मग कार्ड घेऊन फिरत बसा. मला हे ऐकून राग आला होता, पण खोटं काय आहे त्यात? आमच्या तालुक्यात योजनेतलं मुलांचं हॉस्पिटल मोजायला बोटंसुद्धा लागत नाहीत.

चाकरमान्यांचा तर वेगळाच गुंता. बाप नालासोपाऱ्यात, रेशनकार्ड गावचं आणि ते म्हाताऱ्याच्या नावावर, पोराचं नाव कुठल्याच कार्डावर नाही कारण गावच्या कार्डात घालायचं तर तहसीलला पुरवठा विभागात खेपा आणि मुंबईला नवीन काढायचं तर भाडेकरार नाही. गणपतीला आले की दरवर्षी ठरवतात यंदा नाव घालूया, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तुतारी एक्सप्रेस पकडून परत.

आणि ज्यांच्याबद्दल ग्रुपवर एक अक्षर निघालं नाही ती पोरं म्हणजे बागांतल्या नेपाळ्यांची. आंब्याच्या हंगामात देवगड-रत्नागिरीच्या बागा कोण राखतं हे काय वेगळं सांगायला पाहिजे? बायको-पोरांसकट राहतात, खोपटीत. त्यांना ना रेशनकार्ड ना डोमिसाईल. एकीचा धाकटा मागच्या हंगामात न्यूमोनियाने भरती केलेला, बागमालकानेच बिल भरलं आणि मग पगारातून वळतं केलं. मी ग्रुपवर लिहिलं की "सगळी मुलं" म्हणताय त्यात ही येतात का, तर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग एकाने गुड नाईटचा फोटो टाकला.

हे असं फक्त आपल्याकडे नाही बरं का. अमेरिकेत १९९७ पासून मुलांच्या विम्याची एक सरकारी योजना आहे, अगदी गरीब नाहीत पण खाजगी विमा परवडत नाही अशा घरांतल्या मुलांसाठी. २००७ साली ती वाढवायचं ठरलं, पाच वर्षांत पस्तीस अब्ज डॉलर जादा, आणि पैसे कुठून तर सिगारेटच्या पाकिटावर एकसष्ट सेंट कर वाढवून. दोन्ही सभागृहांत पास झालं, तेव्हाचे अध्यक्ष बुशसाहेब, त्यांनी ऑक्टोबरात नकाराधिकार वापरला, बदल करून परत पाठवलं तर डिसेंबरात परत नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं की खाजगी विमा असलेली घरं तो सोडून सरकारी घेतील. तेव्हाच्या एका मोठ्या जनमत चाचणीत दहातली सात माणसं वाढवा म्हणणारी होती. पण दुसऱ्या एका चाचणीत नेमकं विचारलं की फायदा कमी उत्पन्नाच्या घरांनाच जास्त द्यायचा की जरा वरच्यांनापण, तर निम्म्याहून थोडे जास्त लोक बुशच्या बाजूचे निघाले. म्हणजे आमच्या वाडीचा ग्रुपच की हो. शेवटी २००९ च्या फेब्रुवारीत ओबामांनी सही केली आणि सिगारेटचा कर वाढलाच. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि टपरीवर तो मिळतो हे तर तुम्हाला माहीतच आहे.

माझं मत विचाराल तर मुलांना वेगळं कार्ड द्या, जन्मदाखल्यावर, रेशनकार्डाला बांधू नका. पोराने बापाच्या कार्डाचा रंग निवडलेला नसतो आणि तहसीलच्या खेपा त्याने घालायच्या नसतात. जन्म तर आजकाल बहुतेक दवाखान्यातच होतो, तिथल्या तिथे नोंद होते, त्याच कागदावर विमा चालू का होऊ शकत नाही? शेजारी गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ योजना आहे, पाच वर्षं तिथे राहिलेल्याला उत्पन्न न विचारता मिळते, म्हणजे असं करणारं राज्य सीमेवरचं सातार्डा ओलांडलं की लागतं. श्रीमंताचं पोर आत आलं म्हणून माझं काही जात नाही, उलट बागायतदार काकांसारखा आवाज असलेला माणूस त्या टेबलासमोर रांगेत उभा राहिला तर टेबल जरा लवकर हलेल.

पण कार्ड वाढवून हॉस्पिटलं तेवढीच ठेवणार असाल तर मी वहिनीच्या बाजूने नाही, डॉक्टरांच्या बाजूने आहे. पैसा असेल तर पहिला त्या तपासणीच्या गाडीला द्या, मग ग्रामीण रुग्णालयात मुलांचा डॉक्टर बसवायला द्या, मग कार्ड. हे म्हटल्यावर वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती, आणि मला अजून वाटतं की तिचंही बरोबर आहे, कारण डॉक्टर येईपर्यंत तिचं चेडू वीस वर्षांचं होईल.

असो. ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. मुलाचं आधार पाच वर्षं पूर्ण झाल्यावर लगेच अपडेट करा, पंधराव्या वर्षी परत करावं लागतं, मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी असते तर दिवाळीनंतर जा. नाव रेशनकार्डात नसेल तर जन्मदाखला आणि आई-बापासोबतचा मुलाचा फोटो आरोग्यमित्राला दाखवा, नणंदेच्या मुलीचं त्याच्यावर झालं होतं. हॉस्पिटल यादीत आहे एवढं पुरत नाही, मुलांच्या त्या आजारासाठी आहे का ते १५५३८८ ला विचारून मग गाडी काढा. आयुष्मानवाला नंबर १४५५५. कोणी साध्या कागदावर पैसे मागितले तर कागद फाडू नका, फोटो काढा. आणि आम्ही होतो तिथे आरोग्यमित्राच्या टेबलावर दुपारी दीड ते अडीच कोणी नसायचं, त्या वेळात मुलाला जेवण घालून घ्या.